घर नावावर करायला ग्रामपंचायतीलाही एक टक्का? आधी हिशेब समजून घ्या, मग हात वर करा

प्रतिनिधी

गेल्या ग्रामसभेत आमच्या गावात एक विषय निघाला आणि सभा तापली. विषय असा, की गावातलं घर किंवा जागा एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायची असेल, तर ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंद करताना किमतीच्या एक टक्का रक्कम भरायची. खरेदी असो, बक्षीसपत्र असो, नाहीतर वारस नोंद असो. पैसे भरले तरच नमुना ८ ला नाव लागणार.

मागच्या बाजूला बसलेली माझी चुलती उठली. चुलते वारून दोन वर्षं झाली, घर अजून त्यांच्याच नावावर आहे. घरकुलासाठी उतारा स्वतःच्या नावाचा पाहिजे. ती म्हणाली, "माझंच घर माझ्या नावावर करायला मी पाच हजार कुठून आणू?" घराची किंमत पाच लाख धरली तर एक टक्का म्हणजे पाच हजारच होतात. सभेत कुणाकडेच उत्तर नव्हतं. विषय पुढच्या सभेवर ढकलला.

असा विषय उद्या तुमच्या गावातही येऊ शकतो. म्हणून हा हिशेब सगळ्यांनी समजून घेतला पाहिजे.

आपण आधीच काय भरतो?

जमीन किंवा घर विकत घेतलं की दुय्यम निबंधक कार्यालयात आपण तीन गोष्टी भरतो. पहिलं, सरकारचं मुद्रांक शुल्क. दुसरं, नोंदणी फी. ती एक टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. आणि तिसरं, जिल्हा परिषदेचा एक टक्का अधिभार.

हा तिसरा बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, कारण तो मुद्रांक शुल्काबरोबर एकाच चलनात जातो. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ च्या कलम १५८ प्रमाणे ग्रामीण भागातल्या व्यवहारांवर तो लागतो.

हे सगळं कुठल्या किमतीवर? कागदावर लिहिलेली किंमत आणि रेडीरेकनरची किंमत, यात जी जास्त तिच्यावर. म्हणजे तुम्ही सहा लाखाला घेतलं आणि रेडीरेकनर आठ लाख सांगतंय, तर आठ लाखावर.

मग ग्रामपंचायतीला काहीच मिळत नाही का?

मिळतं. त्या एक टक्क्यातला निम्मा वाटा जिल्हा परिषदेचा आणि निम्मा ग्रामपंचायतीचा. ग्रामपंचायतीच्या हिशेबात तो 'मुद्रांक शुल्क अनुदान' म्हणून येतो.

आठ लाखाचं घर विकलं गेलं तर अधिभार आठ हजार. त्यातले चार हजार गावाचे. म्हणजे घर नावावर होताना गावाच्या वाट्याचे पैसे आपण एकदा दिलेलेच असतात. आता नोंदीच्या वेळी परत आठ हजार मागणं म्हणजे एकाच बैलाला दोनदा दावं बांधण्यासारखं झालं.

सरपंचांचं म्हणणं असं की हे अनुदान वेळेवर येत नाही, आणि पाणीपुरवठ्याचं वीजबिल काही थांबत नाही. त्यांची अडचण खोटी नाही. पण अनुदान उशिरा येतं म्हणून गावकऱ्यानं दुसऱ्यांदा भरायचं, हे उत्तर नव्हे. त्याचा पाठपुरावा पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेकडे करावा लागेल. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव करा, सगळं गाव हात वर करील.

ग्रामपंचायतीला असा कर लावता येतो का?

राज्यघटनेचं कलम २६५ सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता येत नाही. पंचायतींबाबत कलम २४३-ह सांगतं की राज्याच्या विधिमंडळानं कायद्यानं अधिकार दिले असतील तेवढेच कर पंचायतीला लावता येतात.

आपल्याकडे तो अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर, यात्रा कर, बाजार फी ही ओळखीची नावं तिथली. घर-जागेच्या हस्तांतरणावरची वाढीव रक्कम मात्र जिल्हा परिषदेच्या कायद्यातून येते आणि ती निबंधक कार्यालयातच वसूल होते. ग्रामपंचायतीनं नुसता आपला ठराव करून टक्केवारीनं वेगळा हस्तांतरण कर सुरू करावा, याला या यादीत आधार दिसत नाही.

इथं फी आणि कर यातला फरक ध्यानात ठेवा. नोंद करायला कागद लागतो, माणसाचा वेळ जातो, त्यासाठी ठरावीक लहान फी घेणं वेगळं. पाच लाखाच्या घराला पाच हजार आणि वीस लाखाच्या घराला वीस हजार मागणं वेगळं. नोंद लिहायला दोन्हीकडं शाई तेवढीच लागते.

वारस नोंदीचं काय?

चुलतीचा प्रश्न इथंच आहे. वारसानं मिळणं म्हणजे खरेदी नव्हे. सातबाऱ्यावर वारस नोंद करायला मुद्रांक शुल्क लागत नाही. मयत झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, कळवायचं असतं. मग शेताला जे लागत नाही, ते घराला का लागावं?

बक्षीसपत्राचंही ऐकून ठेवा. राहतं घर किंवा शेतजमीन मुलगा, मुलगी, नवरा, बायको, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, असं सगळे सांगतात. ते खरं आहे. पण जिल्हा परिषदेचा एक टक्का तिथंही लागतो, हे निबंधक कार्यालयात गेल्यावरच कळतं. त्यावर ग्रामपंचायतीचा आणखी एक टक्का बसला तर बापानं मुलीच्या नावावर घर करायचं की नाही, याचाच विचार करावा लागेल.

विरोधाचं खरं कारण

विरोध नुसत्या पैशासाठी नाही. नावावर करणं जेवढं महाग, तेवढे लोक कागद टाळतात. बॉण्डवर सह्या, नोटरीचा शिक्का, 'आपल्यातलाच माणूस आहे' असं म्हणून व्यवहार. पण नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या खरेदीला नोंदणी लागते. नोटरीच्या कागदानं मालकी येत नाही. पहिली पिढी निभावून नेते, दुसरी पिढी कोर्टात जाते. गावात आज जेवढे बांधाचे आणि भिंतीचे वाद आहेत, त्यातल्या किती घरांत कागदच झाला नव्हता, ते ज्यानं त्यानं आठवावं.

आता करायचं काय?

ग्रामसभेच्या नोटिशीत हा विषय आहे का ते आधी वाचा. नवा कर लावायचा तर ठराव, जाहीर नोटीस आणि हरकतींसाठी मुदत हे सगळं व्हावं लागतं. नुसतं ओरडून उपयोग नाही. हरकत लेखी द्या, पोच घ्या.

कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली कर लावताय, हा प्रश्न सभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा.

गेल्या तीन वर्षांत मुद्रांक शुल्क अनुदान किती आलं, कुठं खर्च झालं, हे माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर.

नोंदीसाठी कुणी पैसे मागितले तर पावती मागा. पावती देत नसतील तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा.

आणि एक आपल्यासाठी. घरपट्टी थकवून ग्रामपंचायतीला नावं ठेवायची, हेही बरोबर नाही. सभेत सर्वात मोठ्यानं बोलणाऱ्यांमध्ये थकबाकीदारही होते. माझीही एका वर्षाची बाकी होती, ती मी परवा भरली आणि पावती घेतली. चुलतीचा वारस नोंदीचा अर्जही त्याच दिवशी दिला, पोच घेऊन. पुढची सभा झाली की काय ठरलं ते इथंच कळवतो.