युरोपच्या सहलीत डिस्नेलँड कुठे बसवायचं?

घरच्यांसोबत युरोप : भाग सहावा

व्हिसाचे कागद आणि शेंगेनच्या दिवसांचा हिशेब गेल्या आठवड्यात झाला. आता पॅरिसजवळच्या डिस्नेलँडकडे येऊ. घरातल्या मुलांच्या यादीत हे नाव पहिलं असतं आणि मोठ्यांच्या वेळापत्रकात ते उरल्यासुरल्या जागेत जातं. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या बऱ्याच ग्रुप टूर त्याला एक दिवस देतात; बस सकाळी सोडते आणि संध्याकाळी उचलते. स्वतः आखणी करणारी कुटुंबंही पॅरिसमध्ये हॉटेल घेतात आणि एक दिवस तिथे जाऊन येतात. मला ही पद्धत पटत नाही. डिस्नेलँडला एक रात्र राहावं, आणि ती रात्र शक्यतो सहलीच्या शेवटाला ठेवावी, असं मी आग्रहाने सांगेन.

आधी जागा समजून घेऊ. १२ एप्रिल १९९२ रोजी उघडलेलं हे ठिकाण पॅरिसच्या पूर्वेला सुमारे ३२ किलोमीटरवर, मार्न-ला-व्हाले या भागात आहे. स्टेशनचं नाव मार्न-ला-व्हाले शेसी. पॅरिसच्या पोटातून जाणारी आरईआर ‘ए’ ही लोकल इथे संपते; शातले-ले-आल या मधल्या स्टेशनवरून साधारण चाळीस मिनिटं लागतात. स्टेशनातून बाहेर पडलं की सामानाची तपासणी आणि पाच मिनिटांवर गेट. पण १९९४ पासून याच स्टेशनात टीजीव्ही ही वेगवान गाडीही थांबते, याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. शार्ल द गोल विमानतळ तिने जेमतेम दहा मिनिटांवर आहे आणि लिऑन दोन तासांवर. म्हणजे दक्षिण फ्रान्सकडून येणाऱ्याने पॅरिसमध्ये उतरून, बॅगा ओढत, पुन्हा पूर्वेला यायचं काही कारण नाही. थेट इथेच उतरता येतं आणि इथूनच विमानतळ गाठता येतो. लंडनला नातेवाइकांकडे जाऊन येणाऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. लंडनहून थेट इथे येणारी युरोस्टार जून २०२३ मध्ये बंद झाली. आता लील इथे गाडी बदलावी लागते.

एक रात्र का, हे सूर्य सांगतो. आपल्याकडच्या शाळांना सुट्टी मे महिन्यात, आणि मे संपता संपता पॅरिसमध्ये सूर्य मावळतो रात्री पावणेदहाच्या सुमाराला. उद्यानातल्या किल्ल्यावर होणारा दिव्यांचा आणि आतषबाजीचा खेळ अंधाराशिवाय होत नाही, त्यामुळे तो संपेपर्यंत अकरा वाजायला येतात. दिवसभर चाललेलं सहा वर्षांचं मूल त्या वेळी खांद्यावर झोपलेलं असतं. त्याला घेऊन गच्च भरलेली लोकल, मग मेट्रो, मग हॉटेलपर्यंतची पायपीट, हे ज्या आईबापांच्या डोळ्यांपुढे येतं ते खेळ न पाहताच निघतात. माझ्या मते त्या ठिकाणची सगळ्यात सुंदर वीस मिनिटं अशी हातची जातात. चालत दहा-पंधरा मिनिटांवर खोली असेल तर हा प्रश्नच उरत नाही. दुपारी दोन-तीन तास आजी-आजोबांना आणि लहानग्यांना पाठ टेकता येते, ही सोय वेगळीच.

शिवाय डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांचं पॅकेज खोली आणि प्रवेश मिळून असतं. एक रात्र घेतली की येण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरतात. या हॉटेलांत उतरलेल्यांना उद्यानात इतरांच्या आधी सोडतात. त्या पहिल्या तासात पीटर पॅनची राइड आधी उरकावी. एका वेळी थोडेच लोक तिच्यात मावतात, म्हणून तिची रांग दिवसभर हलत नाही. हॉटेलांचे भाव ऐकून छाती दडपत असेल तर एक स्टेशन अलीकडे, व्हाल दूरोपला राहावं. तिथे स्वयंपाकाच्या ओट्यासह मिळणाऱ्या खोल्या आहेत, मोठा मॉल आणि ओशां हे सुपरमार्केट आहे, आणि लोकलने उद्यान पुढचंच स्टेशन. खिचडी लावून मुलांना वेळेवर जेवू घालणाऱ्या घरांना मी हीच जागा सुचवेन.

आता शेवटाला का ते सांगते. उन्हाळ्यात फ्रान्सची वेळ आपल्या साडेतीन तास मागे असते. नुकतंच भारतातून आलेलं मूल पहाटे चारला टक्क जागं होतं आणि संध्याकाळी सातला ताटावर पेंगतं. तिथले रात्रीचे अकरा म्हणजे त्याच्या शरीराचे मध्यरात्रीनंतरचे अडीच. पहिल्या दोन दिवसांत डिस्नेलँड ठेवलं तर पैसे पूर्ण दिवसाचे जातात आणि मूल अर्ध्या दिवसाचंच असतं. सहलीच्या शेवटी त्याचं घड्याळ जुळलेलं असतं, पायांना चालायची सवय झालेली असते, आणि लूव्ह्रमधल्या रांगेत ‘अजून किती?’ विचारणाऱ्याला पुढचं आमिषही असतं. खेळणी, टोप्या, मिकीचे कान यांची खरेदीही शेवटी झाली म्हणजे ते सारं देशोदेशी वाहत न्यावं लागत नाही.

या मुक्कामाचा व्हिसाशीही संबंध येतो. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा, हा नियम गेल्या वेळी पाहिला. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांचे दिवस सारखे होत असतील तर ही वाढीव रात्र पारडं फ्रान्सकडे झुकवते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वीच ती ठरवून टाका.

तारखा निवडताना फ्रान्सचं कॅलेंडर समोर हवं. मे हा आपल्या सुट्टीचा महिना, आणि नेमका तोच तिथे जोडून सुट्ट्यांचा. १ मे कामगार दिन, ८ मे दुसऱ्या महायुद्धातला विजय दिन, शिवाय ईस्टरवर ठरणारे असान्सियाँचा गुरुवार आणि पांतकोतचा सोमवार. गुरुवारी सुट्टी आली की फ्रेंच माणूस शुक्रवारची रजा टाकून चार दिवस जोडतो, आणि त्यांतला एक दिवस मुलांना इथे आणतो. २०२७ मध्ये असान्सियाँ ६ मेला आणि पांतकोतचा सोमवार १७ मेला आहे. असे आठवडे टाळून मंगळवार-बुधवार किंवा बुधवार-गुरुवार पकडावा. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी ऑक्टोबरअखेरची दोन आठवड्यांची फ्रेंच शालेय सुट्टी बघावी. दिवाळी नोव्हेंबरात पडली तर ही गर्दी बहुधा आपोआप चुकते. तेव्हा पाचच्या सुमारास अंधार पडतो, म्हणजे रात्रीचा खेळही लवकर होतो. पण गारठा हाडांत शिरतो, हेही मनाशी धरून चाला.

उद्यानं दोन आहेत. जुनं, किल्ल्याचं, ते डिस्नेलँड पार्क. दुसरं २००२ मध्ये वॉल्ट डिस्ने स्टुडिओज या नावाने उघडलं. ‘फ्रोझन’चा नवा विभाग आणि डिस्ने अॅडव्हेंचर वर्ल्ड हे नवं नाव, असं दोन्ही २०२६ साठी कंपनीने जाहीर केलं, त्यामुळे जुन्या माहितीपुस्तकांत नाव वेगळं दिसलं तर गोंधळू नका. मुलं आठ वर्षांच्या आतली असतील तर दोन्ही दिवस मुख्यतः किल्ल्याच्या उद्यानाला द्यावेत आणि दुसऱ्यात फ्रोझन व रॅटाटुई पाहून यावं. मार्व्हलवेडी मोठी मुलं असली तर हिशेब उलटा.

उंचीचं मात्र घरीच बघून ठेवा. बिग थंडर माउंटन आणि टॉवर ऑफ टेररला १०२ सेंटिमीटर, क्रशच्या कोस्टरला १०७, हायपरस्पेस माउंटनला १२०, इंडियाना जोन्सला १४०. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने या चार खुणा करा आणि मुलाला पाठ टेकवून उभं करा. राइडच्या तोंडाशी कर्मचारी मापाची काठी लावतो आणि तिथे रदबदली चालत नाही. तासभर रांगेत उभं राहून परत फिरलेल्या मुलाची समजूत काढणं फार अवघड. त्यापेक्षा काय मिळणार आणि काय नाही हे त्याला घरीच कळलेलं बरं. धाकटं बसू शकत नसेल तर एक पालक त्याच्याजवळ थांबतो आणि राइडवर गेलेला परतल्यावर थांबलेला पूर्ण रांग न लावता जातो. ही सोय अधिकृत आहे, प्रवेशाजवळ विचारायचं.

किल्ल्यापाशी घाई करू नका. निद्रिस्त सुंदरीची गोष्ट लिहून ठेवणारा शार्ल पेरो फ्रेंच, त्याचं पुस्तक १६९७ चं. लुआरच्या काठचे खरे किल्ले पाहिलेल्या लोकांपुढे त्यांचीच नक्कल उभी करून भागणार नव्हतं. म्हणून टोनी बॅक्स्टर यांच्या देखरेखीखालच्या कलाकारांनी मों-सें-मिशेलच्या उंच शिखराकडे आणि मध्ययुगीन सचित्र पोथ्यांकडे पाहून हा गुलाबी किल्ला रचला. चौकोनी छाटलेली झाडं, मागे घेतलेले निमुळते मनोरे, वरच्या सज्जात रंगीत काचा आणि गोष्ट सांगणारे विणलेले पडदे. बहुतेक लोक कमानीखाली फोटो काढून पुढे जातात. त्यांच्या पायांखाली एक गुहा आहे. आत अंधार, पाण्याचा आवाज, आणि साखळदंडाने जखडलेला भला मोठा ड्रॅगन. तो डोळे मिटून घोरत पडलेला असतो. मग एकाएकी मान उचलतो, नाकपुड्यांतून धूर निघतो आणि कठड्याला रेललेली सगळी पोरं एक पाऊल मागे सरकतात. इथे उंचीची अट नाही आणि तासभराची रांगही नसते. आजोबांनी नातवाला इथे जरूर न्यावं.

पॅरिसच्या पावसाचा विचारही बांधतानाच केलेला आहे. प्रवेशानंतरच्या मेन स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना, दुकानांच्या मागून, छप्पर असलेल्या लांब वाटा काढल्या आहेत. सर आली की सगळे भर रस्त्यात रेनकोट शोधतात, तेव्हा या वाटांनी कोरडं चालत किल्ल्यासमोरच्या चौकापर्यंत जाता येतं. मिरवणुकीच्या वेळी रस्ता अडला तरी ढकलगाडी इथून निघते.

खाण्याचं थोडक्यात. शाकाहारी पदार्थ मिळतात, पण मोठ्यांची जीभ दुसऱ्या दिवशी कंटाळते. सुके ठेपले, चिवडा, चटणी बरोबर असावी. भारतातून निघताना मात्र तूप, पनीर, पेढे, बर्फी बॅगेत नको. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तान्ह्या बाळाच्या दूधपावडरीला मर्यादित सूट आहे. ताजी मिरची आणि कढीपत्ताही वनस्पतींच्या नियमात अडकतात.

तिकिटं तारखेची असतात आणि दर दिवसागणिक बदलतात. तीन वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत, तीन ते अकरापर्यंत मुलांचा दर, बारापासून मोठ्यांचा. व्हिसा हातात येण्याआधी पैसे भरत असाल तर रद्द करण्याच्या अटी ओळ न ओळ वाचा. जादा पैसे देऊन छोट्या रांगेतून जाण्याची सोय आहे. सरसकट घेऊ नये, पण गर्दीच्या दिवशी मुलाच्या एका अतिप्रिय राइडसाठी घेतली तर मला त्यात उधळपट्टी दिसत नाही.

पॅरिसहून लोकलने येणाऱ्यांसाठी एक सूचना. आरईआर ‘ए’ पूर्वेला दोन फाट्यांत विभागते; एक शाखा बुआसी-सें-लेजेला जाते. फलाटावरच्या फलकावर मार्न-ला-व्हाले शेसी या नावापुढे दिवा लागलेला पाहूनच चढायचं. २०२५ पासून मेट्रो-लोकलचं तिकीट शहरात आणि इथवर एकच, साधारण अडीच युरोचं. विमानतळाचं वेगळं आणि बरंच महाग.

निघायच्या दिवशी सकाळी खोली सोडून बॅगा हॉटेलच्या सामानघरात ठेवा आणि दुपारपर्यंत उद्यानात फिरा. विमानतळाच्या टीजीव्ही लोकलसारख्या दर पाच-दहा मिनिटांनी नसतात, कधी दोन गाड्यांत मोठं अंतर पडतं. म्हणून वेळ आधी बघून जागा राखून ठेवा आणि थेट बसचा पर्याय लिहून ठेवा. एकाच दुकानात तीन दिवसांच्या आत १०० युरोंच्या वर खरेदी झाली असेल तर दुकानातून करपरतीचा कागद पासपोर्ट दाखवून मागून घ्या. तो विमानतळावरच्या यंत्रात, मोठी बॅग चेक-इन करण्याआधी, वैध करून घ्यायचा असतो. म्हणून त्या कागदासाठी तासभर जास्तीचा धरा.

पुढच्या आठवड्यात : रेल्वेचा पास घ्यावा की सुटी तिकिटं?