मरणापलीकडचं चेरीचं खोरं

ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांची ‘द ब्रदर्स लायनहार्ट’ काल रात्री वाचून संपवली आणि बराच वेळ झोपच लागली नाही. मूळ स्वीडिश कादंबरी १९७३ सालची.

दहा वर्षांचा होत आलेला कार्ल अंथरुणाला खिळलेला. रात्री खोकला उसळला की थोरला योनातन उठून त्याला मधाचं गरम पाणी करून देतो. मरणाच्या धास्तीने रडणाऱ्या धाकट्याला तो नांगियाला नावाच्या देशाच्या गोष्टी सांगतो. पण आधी जातो तो योनातनच, पेटत्या घरातून भावाला पाठीवर घेऊन उडी मारताना!

नांगियालात दोघं पुन्हा भेटतात. तिथे चेरीचं फुललेलं खोरं आहे, तसाच जुलमी तेंगिलही आहे. मरणानंतरही धीर धरावाच लागतो.

जवळचं माणूस गमावलेल्यांनी जरूर वाचा. शेवटाबद्दल मात्र आधी कुणाला विचारू नका.