कमानपाट्याची ताठरता आणि गाडीची भारक्षमता

मालमोटारीच्या मागील कमानपाट्यांत एखादा पाटा वाढविला, म्हणजे गाडी ‘मजबूत’ झाली, असे म्हणण्याचा प्रघात आहे. ‘कमानपाटा’ हा सामासिक शब्द नेमका आहे. त्यातील फारसी ‘कमान’ आकार दर्शविते, तर ‘पाटा’ घडण. ‘मजबूत’ या विशेषणात मात्र ताठरता आणि भारक्षमता या दोन भिन्न कल्पना एकत्र मिसळतात. जड ट्रेलर ओढावयाचा असता हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे ठरते.

ट्रेलरच्या जोडकडीवरील भार मागील आसाच्याही मागे पडतो. दोन आसांतील अंतर ३ मीटर आणि जोडकडी मागील आसापासून १.५ मीटर मागे असल्यास, कडीवरील १०० किलोग्रॅम भाराने तरफेच्या नियमानुसार मागील आसावर १५० किलोग्रॅम वाढतात व पुढील आसावरचे ५० कमी होतात. गाडी मागे दबते; पुढील चाकांची पकड उणावून वळविणे व थांबविणे दुष्कर होते.

सारख्या मापाच्या पाच पाट्यांत सहावा घातल्यास ताठरता स्थूलमानाने एक-पंचमांशाने वाढते आणि दबणे कमी होते. हवा भरलेल्या रबरी पिशव्यांनीही हेच साधते. परंतु पुढील आसावरून उणे झालेले ५० किलोग्रॅम त्यामुळे परत येत नाहीत. त्यासाठी भार पुढे वाटून देणारी जोडणी लागते. आस, टायर व ब्रेक यांची मर्यादाही पूर्वीचीच राहते. शिवाय रिकामी गाडी अधिक हादरे देते. सारांश, पाटा वाढविल्याने गाडी ताठर होते. अधिक भार वाहण्यास पात्र होतेच, असे नव्हे.