खर्ड्याच्या रणातून उगवलेले सिकंदराबाद

हैदराबादला समुद्र नाही. आहे तो हुसेनसागर, कुतुबशाहीत बांधलेला तलाव. त्याच्या उत्तरेला इंग्रजांनी छावणी टाकली, तिचेच पुढे सिकंदराबाद झाले. जुने हैदराबादी आजही त्या भागाला लष्करच म्हणतात, जसे पुणेकर कॅम्पाला.

या छावणीचे मूळ मात्र आपल्या जामखेड तालुक्यात आहे. १७९५ साली खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला नमवले. इंग्रज मदतीला आले नाहीत, म्हणून निजाम अलीने फ्रेंच सेनानी रेमंडच्या पलटणींवर भिस्त ठेवली. या पलटणी इंग्रजांच्या डोळ्यांत खुपू लागल्या. १७९८ मध्ये रेमंड वारला आणि त्याच वर्षी तैनाती फौजेचा करार झाला. फ्रेंच पलटणींची हत्यारे काढून घेतली गेली आणि कंपनीची फौज निजामाच्या उंबऱ्याशी कायमची बसली. खर्च अर्थातच निजामाच्या माथी! १८०० साली त्यापोटी कडप्पा-बल्लारीकडचा मुलूख तोडून द्यावा लागला. १८०६ मध्ये छावणीला तेव्हाच्या निजामाचे, सिकंदर जाहचे नाव मिळाले. खर्ड्याचा विजय आपण अभिमानाने सांगतो. त्याचे फळ इंग्रजांनी चाखले, हे सांगायचे राहून जाते.

पुढे जकात माफ झाली तसे व्यापारी आले. जनरल बाजार, रेजिमेंटल बाजार ही नावे तेव्हाचीच. १८७४ मध्ये वाडीहून रेल्वे आली. २० ऑगस्ट १८९७ रोजी लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉसला इथेच डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला.

पण साहेबांपेक्षा मला इथला एक डोलीवाला मोठा वाटतो. देवळाची परंपरा सांगते, की पलटणीबरोबर उज्जैनला गेलेल्या सुरिटी अप्पय्याने १८१३ च्या पटकीच्या साथीत महाकालीला नवस केला आणि १८१५ मध्ये परतल्यावर इथे देवीची लाकडी मूर्ती बसवली. तीच उज्जैनी महाकाली. आषाढात तिची ‘लष्कर बोनालु’ ही जत्रा भरते. बायका डोक्यावर बोनम, म्हणजे हळदकुंकवाने रंगवलेले मडके घेऊन येतात. आत गूळभात, गळ्याशी कडुलिंबाचा पाला, वर तेवता दिवा. रविवारी बोनम वाहून झाले की सोमवारी सकाळी रंगम असतो. कच्च्या मडक्यावर उभी राहून एक स्त्री देवीच्या मुखाने वर्षाचे भाकीत सांगते, पाऊसपाण्यापासून रोगराईपर्यंत.

१९६० मध्ये सिकंदराबादची महापालिका हैदराबादच्या महापालिकेत विलीन झाली. कॅन्टोन्मेंट मात्र तेव्हाही वेगळेच राहिले.