मजुरांना कोणी पाठवले?

सापगावहून भातसेचा पूल ओलांडून शहापूर गाठले, की मुंबई-नाशिक महामार्ग जवळच. २०२० साली याच रस्त्याने मजूर बायकामुलांसह कसारा घाटाकडे पायी निघाले होते. २४ मार्चला रात्री ८ वाजता टाळेबंदी जाहीर झाली, १२ पासून लागू. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा! चार तासांत कोण कुठे पोचणार? रोजगार बुडाला, खोलीचे भाडे मात्र थांबेना.

श्रमिक गाड्या सुरू झाल्या त्या १ मे रोजी. मग त्यांवरूनच भांडण जुंपले. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे म्हणाले, मागतो तेवढ्या गाड्या मिळत नाहीत. रेल्वेमंत्री पीयूष गोयल म्हणाले, १२५ देतो, आधी याद्या द्या. पुढे ७ फेब्रुवारी २०२२ रोजी लोकसभेत पंतप्रधान मोदींनी ठपका ठेवला, की मुंबईत काँग्रेसने तिकिटे देऊन मजुरांना धाडले. काँग्रेसने बेत न आखता केलेल्या टाळेबंदीकडे बोट दाखवले.

पण पायी निघालेल्यांच्या हाती कसले तिकीट? पहिली गाडी सुटण्याआधी महिनाभर लोक चालत होते.

आणि मंडळी, गावोगावी तरी काय झाले? मुंबईहून आलेल्या पोराला ‘रोग आणलास’ म्हणून वेशीवर अडवले. आदल्या आवणीला भाताचे बियाणे त्यानेच धाडलेल्या पैशांतून आले होते.