तेच ते दळण

जगभरच्या संगणक-खेळाडूंनी आपल्या खेळातील सर्वांत कंटाळवाण्या भागाला जे नाव दिले आहे, ते मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ते त्याला 'ग्राइंडिंग' म्हणतात, म्हणजे दळण. 'तेच ते दळण' हा शब्दप्रयोग आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ज्या अर्थाने होत आला, त्याच अर्थाने. ज्या खेळांत हजारो माणसे इंटरनेटवरून एकाच वेळी एका कल्पित जगात उतरतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, तर कोणी लाकूडतोड्या होऊन आपल्या पात्राची शक्ती पायरीपायरीने वाढवीत नेतात, त्या खेळांत हे दळण अटळ असते. घरातील मुलगा वा नातू तासन्‌तास एकच झाड तोडताना पाहून "ही तर वेठबिगार! यात खेळ कुठे आहे?" असे वडीलधाऱ्यांना वाटले, तर त्यात नवल नाही. नवल हे, की खेळणारेही तसेच म्हणतात आणि तरी खेळतात.

हे दळण केवढे असते, हे एका उदाहरणावरून पाहू. इंग्लंडमधील गॉवर बंधूंनी घडविलेला 'रूनस्केप' हा खेळ जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. त्यात लाकूडतोड, मासेमारी, खाणकाम अशी अनेक कौशल्ये असून मुळात प्रत्येकाच्या ९९ पायऱ्या होत्या. दुसरी पायरी गाठण्यास ८३ गुण पुरतात. नव्याण्णवावी गाठण्यास १,३०,३४,४३१ लागतात! विलो झाडाचा एक ओंडका तोडला की साडेसदुसष्ट गुण मिळतात. सारी मजल याच झाडावर मारायची म्हटले, तर ओंडक्यांची संख्या १ लाख ९३ हजारांच्या वर जाते. त्यातही मौज अशी, की ब्याण्णवाव्या पायरीवर पोचलेला गडी प्रत्यक्षात निम्मीच वाट चाललेला असतो. उरलेल्या सात पायऱ्यांत दुसरी निम्मी वाट दडलेली असते. सुरुवातीस मिनिटामिनिटाला शाबासकी द्यायची आणि माणूस रमला की शाबासकी दूर दूर सरकवीत न्यायची, असे या गणिताचे स्वरूप आहे.

हे गणित आले कोठून? १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा बैठा खेळ प्रसिद्ध झाला. अनुभवाचे गुण मिळवून पायऱ्या चढण्याची कल्पना त्याने रूढ केली. परंतु तेथे पाच-सहा मित्र एका मेजाभोवती बसत आणि त्यांतला एक जण सूत्रधार होऊन कथा रचीत जाई. खरा रस त्या कथेत होता. गुण हे केवळ तोंडी लावणे. पुढे १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' नावाचे सामायिक जग संगणकावर उभे केले, आणि त्याच्या वंशातूनच आजचे खेळ निपजले. या स्थलांतरात गुणांची वही संगणकावर आली, पण सूत्रधार मेजापाशीच राहिला. मोजदाद करण्यात यंत्राला थकवा नाही. मात्र रोज संध्याकाळी हजारो माणसांसाठी नवी कथा रचणे त्याला साधले नाही. कथेची रिकामी जागा मोजदादीने भरून काढली. आमच्या मते दळणाचे मूळ येथे आहे.

त्याला व्यवहाराची जोड मिळाली. १९९९ मधील 'एव्हरक्वेस्ट' आणि २००४ मधील 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हे खेळ महिन्याच्या वर्गणीवर चालत. दुसऱ्याची वर्गणी अमेरिकेत सुमारे १५ डॉलर होती, आणि २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले होते. कारागिरांनी कित्येक महिने खपून रचलेले साहस खेळाडू एका रात्रीत संपवितो, आणि साहस संपले की वर्गणीही संपते. तेव्हा वाट लांबविणे क्रमप्राप्तच होते. कादंबरीच्या प्रकरणाखाली 'क्रमशः' छापणाऱ्या मासिकवाल्यांनी याबद्दल फार नाके मुरडू नयेत, हेही आम्ही जाणून आहोत.

तथापि सारा दोष व्यापाऱ्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. जेथे हजारो लोक एकत्र नांदतात, तेथे वस्तूला किंमत यावयाची तर ती कष्टसाध्य असावी लागते. पहिल्याच दिवशी सर्वांच्या हाती दिव्य खड्ग आले, तर त्या खड्गाकडे वळून कोण पाहील? या कष्टांची किंमत खऱ्या बाजारातही होते, हे एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्ये दाखवून दिले. 'एव्हरक्वेस्ट'मधील वस्तूंची खऱ्या पैशांत होणारी विक्री तपासून त्याने हिशेब मांडला, की तेथील खेळाडू तासाला सुमारे ३.४२ डॉलर इतके मूल्य निर्माण करतो. पुढे चीनमध्ये या कामाचे कारखानेच निघाले. २००७ मध्ये अमेरिकन लेखक ज्युलियन डिबेल याने तेथील तरुण मजुरांचे वर्णन केले आहे. बारा-बारा तासांच्या पाळीत ते राक्षस मारून सोन्याची नाणी जमवीत आणि त्यांना तासाला सुमारे ३० सेंट मिळत. ती नाणी दळणाला कंटाळलेले सधन खेळाडू विकत घेत. म्हणजे एकाची करमणूक दळण्यासाठी दुसरा मजुरीला!

आता माणूस यात गुंततो कसा, हे पाहू. येथे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या कबुतरांचे स्मरण होते. चोच मारल्यावर दाणा नेमका केव्हा पडेल याचा नेम नसला, की कबुतर अधिक चिकाटीने चोच मारीत राहते, हे त्याने फर्स्टर या सहकाऱ्यासह १९५७ मधील ग्रंथात सविस्तर मांडले. खेळातील दुर्मीळ वस्तूही अशाच बेभरवशाच्या असतात. शंभरात एकदा मिळणारी वस्तू शंभर प्रयत्नांत हमखास मिळेल, असे मुलांना वाटते. गणित सांगते, की शंभर प्रयत्नांनंतरही शंभरांपैकी सुमारे ३७ जण रिकाम्या हातांनीच उभे असतील. हे साधे गणित मुलासमवेत एकदा कागदावर करून पाहण्यासारखे आहे.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या कर्त्यांची एक हकिकत मोठी बोलकी आहे. फार वेळ खेळणाऱ्याचे पात्र थकते, सबब त्याचे गुण निम्मे करावेत, असा नियम त्यांनी चाचणीच्या काळात केला होता. खेळाडू संतापले. तेव्हा कर्त्यांनी आकडे तेच ठेवून केवळ नावे फिरविली. निम्म्याला 'नेहमीचे' म्हटले आणि विश्रांती घेऊन आलेल्याला 'दुप्पट' मिळतात असे जाहीर केले. तक्रार मिटली.

एवढे वाचून हे सारे फसवणुकीचेच आहे असा ग्रह होईल. पण तोही पुरता खरा नाही. जात्यावर बसणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना दळण जड होतेच, तरीही पहाटेच्या त्या वेळी ओव्या सुचत आणि मनीचे गूज बोलले जाई. हात गुंतलेले नि मन मोकळे, ही अवस्था माणसाला प्रिय आहे. झाडे तोडता तोडता दूरदेशीच्या मित्रांशी गप्पा मारणाऱ्या मुलांना तीच लाभते. २०१२ मध्ये 'रूनस्केप'च्या चालकांनी लढाईची जुनी, एकसुरी पद्धत बदलून ती वैविध्यपूर्ण केली, तेव्हा कित्येक खेळाडू नाराज होऊन निघून गेले. अखेर २०१३ मध्ये खेळाडूंचे मत घेऊन २००७ सालचे जुने रूप पुन्हा उघडावे लागले, आणि आज नव्यापेक्षा त्या जुन्यातच अधिक गर्दी असते.

कोणी म्हणेल, की मग गवयाचा रियाजही दळणच. ग्वाल्हेरच्या परंपरेत वाढलेल्या वाचकांना यातील भेद सांगावयास नको. पलटे हजार वेळा घोटल्यावर गळा पालटतो. लाख ओंडके तोडल्यावर आकडा पालटतो, हात होता तसाच राहतो. आम्हांस अधिक चिंता वाटते ती मोबाईलवरील फुकट म्हणविणाऱ्या अनेक खेळांची. वर्गणीच्या खेळांत दळण माणसाला टिकवून धरण्यासाठी होते. येथे ते मुद्दाम असह्य करतात आणि त्यातून सुटका विकतात. 'वेळ वाचवा' असे लिहिलेली कळ दिसली, की तो वेळ कोणी लांबविला होता, हे मुलाला अवश्य विचारावे.

मात्र "आत्ताच्या आत्ता बंद कर" म्हणण्यापूर्वी तो दळतो आहे की लढतो आहे, एवढी चौकशी करावी. झाड तोडणाऱ्यास केव्हाही जेवावयास हाक मारता येते. पण 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या आरंभीच्या मोठ्या मोहिमा चाळीस जणांनी मिळून करावयाच्या असत, आणि ऐन वेळी एक उठला तर एकोणचाळीस जणांचा घात होई. आजही अशा मोहिमा असतात. लढाई किती वाजता संपणार हे आधी विचारून पाने त्यानंतर मांडली, तर वाद पुष्कळ कमी होतात.