खाली बर्फ नसलेलं मैदान

बास्केटबॉलचं व्यावसायिक मैदान 94 फूट लांब आणि 50 फूट रुंद असतं. आइस हॉकीचं 200 बाय 85. दोन्ही खेळ एकाच अरीनात भरवायचे, तर कायमच्या खुर्च्या हॉकीच्या मापानेच बसवाव्या लागतात. बास्केटबॉलच्या दिवशी बर्फावर उष्णतारोधक फळ्या टाकतात, त्यावर लाकडी मैदान जोडतात आणि मधली रिकामी जागा सरकत्या खुर्च्यांनी भरतात. तरीही प्रत्येक बास्केटमागे मूळ प्रेक्षागार पन्नासेक फूट लांबच राहतं.

लॉस एंजेलिस क्लिपर्स या बास्केटबॉल संघाने 1999पासून 25 वर्षं असंच भाड्याचं अरीना बास्केटबॉलच्याच लेकर्स आणि हॉकीच्या किंग्ज या संघांसोबत वाटून घेतलं. ऑगस्ट 2024मध्ये इंगलवुड इथे त्यांचा स्वतःचा ‘इंट्यूट डोम’ उघडला. सुमारे 18,000 आसनं, आणि सगळी बास्केटबॉलच्याच मापाने! एका बास्केटमागे ‘द वॉल’ नावाच्या सलग, उभ्या चढणीच्या 51 रांगा आहेत. चढण उभी असली की मागचा प्रेक्षक पुढच्याच्या डोक्यावरून पाहू शकतो आणि मैदानाच्या जवळही राहतो. फ्री थ्रो टाकणाऱ्या पाहुण्या खेळाडूसमोर मग माणसांची गर्जणारी भिंतच उभी राहते. मालक स्टीव्ह बाल्मर यांनी हजाराहून अधिक शौचालयं व मूत्रपात्रं बसवून घेतली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो: रांगेत अडकून प्रेक्षकाचा खेळ बुडत नाही.